सरासरीच्या खाली कोण? : डॉ. पां. वा. सुखात्मे

आपल्या कॉलेजात कॉमर्सच्या मुलामुलींना संख्याशास्त्राचा पेपर असतो. आधी सरासरी, मग मध्यगा आणि बहुलक, मग स्टँडर्ड डेव्हिएशन, मग सॅम्पलिंग. सूत्रं परीक्षेपुरती पाठ होतात आणि पेपर झाला की डोक्यातून जातात. आम्हा साहित्यवाल्यांना तर तेवढीही तसदी पडत नाही. पण याच चार धड्यांवर एका मराठी माणसाचं सगळं आयुष्य गेलं. देशात उपाशी माणसं किती हे कसं ठरवायचं, हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांचं नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे. त्यांच्या शेवटच्या मोठ्या वादाचं एक टोक आपल्या तारनाक्यात होतं, म्हणून या अंकासाठी त्यांच्यावर लिहायचं ठरवलं.

सुखात्म्यांचा जन्म २७ जुलै १९११ चा. गाव बुध, जिल्हा सातारा. हा खटावचा भाग, पावसाने कायम हात आखडता घेतलेला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ मध्ये गणित घेऊन पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी ते लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. संख्याशास्त्र शिकायला त्या काळी जगात याहून चांगली जागा नव्हती, आणि याहून भांडखोर जागाही बहुतेक नसावी. एकाच इमारतीत एगॉन पिअर्सन आणि रोनाल्ड फिशर यांचे दोन वेगळे विभाग. दोन्हीकडच्या लोकांचं इतकं पटायचं नाही की चहाच्या वेळासुद्धा वेगळ्या. १९३४ मध्ये पोलंडहून यर्झी नेमान आले, ते पिअर्सनच्या गटात. आपल्या सातारकराने मात्र दोन्ही घरचं खाल्लं. नेमान यांच्याकडून सॅम्पलिंग घेतलं, आणि फिशर यांच्या बाजूच्या एका कसोटीसाठी लागणारी कोष्टकंही आकडेमोड करून तयार केली. १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्‌सी.

नेमान यांच्याकडून त्यांनी काय घेतलं हे सांगायला आपली जुनी म्हण पुरते. शितावरून भाताची परीक्षा. भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो म्हणून एक शीत पुरतं. आता हाच न्याय बिर्याणीच्या हंडीला लावून बघा. वरचा थर केशरी आणि कोरडा, मधला पांढरा, तळाशी मसाला आणि मटण. वरून एक चमचा काढून हंडीबद्दल काही बोललात तर हैदराबादेत लोक हसतील. प्रत्येक थरातून चमचा घ्यायला हवा, आणि ज्या थरात फरक जास्त, म्हणजे तळाशी, तिथून जास्त चमचे घ्यायला हवेत. याला पुस्तकात स्तरित नमुना म्हणतात. कोणत्या थरात किती चमचे घालायचे याचा हिशोब नेमान यांनी १९३४ मध्ये मांडला होता. शिवाय, चमचा कुठे घालायचा हे खाणाऱ्याच्या आवडीवर सोडायचं नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचं, कारण जाणकार माणूससुद्धा नकळत आपल्या मनातलंच उचलतो, हाही त्यातला मुख्य मुद्दा. सुखात्म्यांनी १९३५ मध्ये पुढची अडचण हाताळली. कोणत्या थरात फरक जास्त आहे हे आधी माहीतच नसेल तर? मग आधी थोडा नमुना घेऊन फरकाचा अंदाज करायचा आणि त्यावर मोठा नमुना बेतायचा. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते.

परत आल्यावर काही काळ कलकत्त्याला, अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेत शिकवलं. १९४० मध्ये ते दिल्लीत, कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. इथून खरी गोष्ट सुरू होते.

तेव्हा पीक किती आलं हे कसं कळायचं? गावकामगार शेताच्या बांधावर उभा राहून नजरेने ठरवायचा, यंदा बारा आणे, यंदा आठ आणे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. आणेवारी हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ, पुढे पैसेवारी झाली. त्यावर जिल्ह्याचा आकडा, त्यावर प्रांताचा, त्यावर देशाचा. सारा माफ करायचा की नाही हे आणेवारीवर अवलंबून, त्यामुळे ती नजर कितपत निर्मळ असणार! १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, आणि प्रांतात नेमकं किती धान्य होतं यावर अभ्यासकांचा वाद अजून चालतो.

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी नजरेच्या जागी विळा आणला. चिठ्ठी टाकून गाव निवडायचं, गावातून शेत निवडायचं, शेतात जागाही तशीच ठरवायची, दोऱ्या ताणून चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापून, मळून, तिथल्या तिथे वजन करायचं. हेच पीक कापणी प्रयोग. पानसे यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात कापसावर काम केलं, बाकीच्या प्रांतांत गहू आणि भातावर झालं. आज पीक विम्याची भरपाई ठरते तेव्हा मंडळात किंवा गावात असेच प्रयोग होतात, बहुतेक पिकांना पाच मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखून.

तुकडा किती मोठा, यावर मोठं भांडण झालं. समोर प्रशांतचंद्र महालनोबिस होते, कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक, म्हणजे या शास्त्रातलं देशातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांचं म्हणणं सरळ होतं. काही फूट त्रिज्येची छोटी वर्तुळं कापा, स्वस्तात होतात, म्हणून पुष्कळ कापता येतात, आणि नमुने जितके जास्त तितकी चूक कमी. सुखात्मे म्हणाले की छोट्या वर्तुळात पीक जास्त दिसतं. कारण काठ. काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात त्याला आत ओढतो. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ घ्या. क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट आणि परीघही सुमारे साडेबारा फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट काठ. आता ३३ फूट बाय साडेसोळा फुटांचा तुकडा घ्या, एकराचा ऐंशीवा भाग. क्षेत्रफळ ५४४.५ चौरस फूट, परिमिती ९९ फूट. दर चौरस फुटामागे काठ दोन इंचांहून जरासा जास्त. त्यांनी एकाच शेतात लहान-मोठे तुकडे कापून तुलना केली आणि १९४६-४७ मध्ये परदेशी नियतकालिकांत ती छापली.

परीक्षेला बसणाऱ्यांनी इथे जरा थांबावं, कारण सॅम्पलिंगच्या धड्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि ती सूत्रात नाही. नमुन्याची चूक दोन जातींची असते. एक योगायोगाची, ती नमुने वाढवले की कमी होते. दुसरी एकाच बाजूला झुकलेली, जिला बायस म्हणतात, ती कितीही नमुने घेतले तरी हलत नाही. वाण्याचा काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल तर हजार वेळा वजन करून सरासरी काढा, पन्नास ग्रॅम तिथेच. उलट इतक्या वेळा मोजल्यामुळे तुमची खात्री मात्र वाढलेली असते, आणि तेच जास्त धोक्याचं.

महालनोबिस यांचाही मुद्दा खोटा नव्हता. त्यांचा दुसरा आक्षेप होता की महसूल आणि शेती खात्याच्या नोकरांकडून हे काम करून घेणं बरोबर नाही, स्वतंत्र शिकवलेली माणसं हवीत. सुखात्म्यांना ते परवडणारं वाटत नव्हतं. गावात जो सरकारी माणूस आहे त्यालाच दोरी आणि तागडी शिकवायची, असं त्यांचं मत. सरकारी अंदाजांसाठी शेवटी त्यांचीच पद्धत राहिली. पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून शेतीच्या लोकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये निघालं, आणि कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्यांनी ते वापरलं.

तोपर्यंत सुखात्मे रोमला पोचले होते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना, म्हणजे एफएओ, १९५१ मध्ये वॉशिंग्टनहून रोमला हलली आणि त्याच वर्षी ते तिच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पुढची जवळजवळ वीस वर्षं तिथेच. आम्हा कॅथलिकांना रोम म्हटलं की एकच पत्ता आठवतो. पण त्याच शहरात, सर्कस मॅक्सिमसच्या मैदानाशेजारी, ही दुसरी इमारत आहे. तिच्या चिन्हावर गव्हाची ओंबी आहे आणि भाकर होवो अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज भाकर मागतो, पण किती ते सांगत नाही. सुखात्म्यांना मात्र किती ते सांगायचं होतं.

एफएओचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी १९५० मध्ये म्हटलं होतं की जगातली किमान दोन तृतीयांश माणसं उपासमारीत आणि कुपोषणात जगतात. आकडा जगभर फिरला. भाषणांना बरा, मदत गोळा करायलाही बरा. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि वेगळा हिशोब दिला. पोट न भरणारी माणसं जगात दहा ते पंधरा टक्के. अन्नाचा कस कमी असलेली धरली तर तिसरा हिस्सा ते निम्मी. स्वतःच्या संघटनेच्या मोहिमेला मोठा आकडा सोयीचा असताना लहान आकडा मांडायला हिंमत लागते. आणि तो लहान आकडाही तेव्हा तीस ते पन्नास कोटी माणसांचा होता.

हा हिशोब कशावर उभा होता? एक साधं उदाहरण घेऊ, आकडे माझ्या मनचे. वसतिगृहात दहा मुली जेवायला बसल्या आहेत, पोळ्या हव्या तितक्या. पोटभर जेवल्यावर कुणी किती खाल्ल्या ते मोजलं: ३, ४, ४, ५, ५, ५, ५, ६, ६, ७. बेरीज पन्नास, सरासरी पाच. आता कुणी नियम केला की पाचपेक्षा कमी खाते ती उपाशी. तीन मुली उपाशी ठरल्या! पण त्या तर ढेकर देऊन उठल्यात. सरासरी ही गरज नव्हे, गरजांच्या मधली जागा आहे, आणि मधल्या जागेच्या खाली कोणीतरी असणारच, मेजवानीतसुद्धा. म्हणून सुखात्म्यांनी सरासरीसोबत पसारा बघायला सांगितलं. या दहा जणींचं स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण १.१ येतं. सरासरीतून त्याची दुप्पट वजा केली तर २.८. या रेषेच्या खाली कोणी खात असेल तर ती नक्कीच उपाशी, कारण इतकी कमी गरज जवळजवळ कोणाचीच नसते. घंटेच्या आकाराच्या वितरणात शंभरातल्या साधारण अडीच जणांचीच गरज या रेषेच्या खाली येते.

गणित म्हणून हे पटतं. मला वाटतं कोणालाही पटेल.

आता तारनाक्याकडे येऊ. उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारची राष्ट्रीय पोषण संस्था, एनआयएन, आपण रोज बसमधून बघतो. तिची सुरुवात १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी केली, १९५८ मध्ये ती हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. १९६० च्या दशकात तिचे संचालक होते डॉ. सी. गोपालन. त्या काळी जगभर एकच ओरड होती, गरिबांना प्रोटीन कमी पडतंय. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रोटीन संकटाचा अहवालच काढला. माशांचं पीठ, गव्हात लायसिन मिसळणं, अशा योजना निघाल्या. गोपालन आणि त्यांचे सहकारी इथे मुलांची जेवणं तपासून सांगत होते की कमी पडतंय ते मुळात पोटभर अन्न. उष्मांक अपुरे असले की शरीर प्रोटीनच सरपणासारखं जाळतं, मग वरून प्रोटीन घालून काय होणार? सुखात्म्यांनी १९७० मध्ये भारतातल्या आहाराचे आकडे घेऊन संख्याशास्त्राच्या वाटेने तेच दाखवलं. ज्वारी-गहू-डाळ पोटभर मिळाली तर बहुतेकांचं प्रोटीनही भागतं. डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ, दोघे एका बाजूला होते. ते नंतर समोरासमोर आले याचं म्हणून जास्त वाईट वाटतं.

सुखात्मे रोमहून पुण्याला परतले. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी पुण्याच्याच गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या गरिबीवरचा गाजलेला अभ्यास निघाला. माणशी रोज २२५० उष्मांक ज्या खर्चात मिळतात त्याखाली असेल तो गरीब, अशी त्यांची रेषा. तिच्यानुसार १९६०-६१ मध्ये खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक गरीब निघाले. सुखात्म्यांनी विचारलं, २२५० ही तर सरासरी गरज, मग पोटभर खाऊन उठलेली माणसंही यात मोजली गेली नाहीत का? रेषा दोन स्टँडर्ड डेव्हिएशननी खाली आणा. आणली की आकडा बराच घसरतो. कोट्यवधी माणसं कागदावरून कमी होतात.

मग ते आणखी एक पाऊल पुढे गेले. फरक फक्त माणसामाणसांत नसतो, एकाच माणसात दिवसा-दिवसाला, आठवड्या-आठवड्यालाही असतो, असं त्यांनी अमेरिकन पोषणतज्ज्ञ शेल्डन मार्गेन यांच्यासोबत मांडलं. शरीर स्वतःला सावरून घेतं, कमी अन्नात काम भागवतं, काही मर्यादेपर्यंत. १९८२ मध्ये पुण्याच्या विज्ञानवर्धिनीतर्फे त्यांनी संपादित केलेला ग्रंथ निघाला. त्यात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने लिहिलं की भारतातली कित्येक माणसं लहानखुरी आहेत, पण निरोगी आहेत.

इथे गोपालन भडकले. आणि माझ्या मते बरोबर भडकले. सावरून घेणं फुकट नसतं. मूल कमी अन्नात जगतं, पण वाढत नाही. मजूर कमी अन्नात जगतो, पण हालचाल आखडती घेतो, मजुरी कमी मिळवतो. खुरटणं ही गरिबीची खूण आहे, निरोगीपणाची तऱ्हा नव्हे, आणि श्रीमंतांच्या मुलांना आपण ती तऱ्हा सुचवत नाही. दुसराही आक्षेप होता. रोजच्या चढउताराचे आकडे सुखात्म्यांनी घेतले ते ब्रिटिश सैन्यातल्या जवानांच्या अभ्यासातून. पोटभर खाणाऱ्या तरुणाचा एक हलका दिवस आणि उपाशी घरातला कायमचा हलका दिवस, यांना एकच मापट लावायचं?

आपल्या दहा मुलींकडे परत जाऊन बघू. रेषा पाचावर ठेवली तर धडधाकट मुली उपाशांत गेल्या, ही एक चूक. पण रेषा २.८ वर आणली आणि जिला सात लागतात तिला तीनच मिळाल्या, तर ती उपाशी असून यादीत नाही, ही दुसरी चूक. पुस्तकात यांना टाइप वन आणि टाइप टू म्हणतात. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. आणि सर्वेक्षणात कोण किती खातं ते कळतं, कोणाला किती लागतं ते कळत नाही. एनआयएनच्या देखरेखीखाली १९७२ पासून वेगवेगळ्या राज्यांत घरोघरी जाऊन आहार मोजले गेले, तरीही हे दुसरं अंग कोणत्याच तागडीला दिसलं नाही. कोणती चूक पत्करायची हे गणित ठरवत नाही. रेशन कुणाला द्यायचं हे ठरवणारा ठरवतो. सुखात्म्यांना वाटत होतं की ते गणितच बोलत आहेत.

त्यांना गरिबांशी देणंघेणं नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नये. त्यांचा रोख दुसरीकडे होता. पिण्याचं पाणी घाण, शौचालय नाही, मुलाला सतत जुलाब, तर घातलेलं अन्न अंगी लागत नाही, म्हणून नुसती खिचडी वाटून कुपोषण हटणार नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांच्या सगळ्या म्हणण्यातलं हे कदाचित सगळ्यात कमी ऐकलं गेलं, आणि सगळ्यात टिकाऊ निघालं.

२८ जानेवारी १९९७ रोजी ते गेले. केंद्र सरकारचा संख्याशास्त्रातला एक राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. गोपालन त्यांच्यानंतर बावीस वर्षं जगले आणि शंभरी पार करून २०१९ मध्ये वारले.

२०२० मध्ये तारनाक्यातून भारतीयांच्या पोषणगरजांची नवी कोष्टकं निघाली. त्यात प्रोटीन, लोह, जीवनसत्त्वं यांच्यासाठी आता दोन वेगळे रकाने आहेत. एक सरासरी गरजेचा, आणि दुसरा त्याच्या वर दोन स्टँडर्ड डेव्हिएशन चढवून काढलेला, म्हणजे जवळजवळ सगळ्यांना पुरेल असा. उष्मांकांसाठी मात्र एकच रकाना आहे, सरासरीचा, कारण सगळ्यांना वरच्या आकड्याइतकं खायला सांगितलं तर निम्म्याहून जास्त लोक लठ्ठ होतील.